इंजिन निवेपर्यंत

जनरेटरने दोन आचके दिले आणि तो बंद पडला. लासिसीचं शिलाई मशीन बाहीच्या अर्ध्यावरच थांबलं.

“ओत लवकर,” तो म्हणाला.

“तापलाय. हात लावून बघा,” सिकिरात म्हणाली. “दुकान पेटवायचंय का?”

ओशोग्बो शहराच्या त्या गल्लीत सगळे चालू इंजिनातच पेट्रोल ओतायचे. दिवा क्षणभरही विझू दिला नाही, याचा त्यांना केवढा तोरा. लासिसीही त्यातलाच, म्हणून बायकोने पेट्रोलचा कॅन कधीच आपल्या ताब्यात घेतला होता. इंजिन निवेपर्यंत ती थेंबभर ओतत नसे. तोवर इंजिनातली मापाची पट्टी काढून तेल बघायचं, कमी असलं तर घालायचं, नरसाळं पुसून ठेवायचं. एवढ्यात नवराबायकोचं चार शब्द बोलणं व्हायचं. एरवी त्या घरघरीत कोण कुणाचं ऐकतंय.

आज तिला बोलायचं होतं. म्हणून सकाळपासून ती टाकी अर्धीच भरत होती.

मुइबातला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, मुलगा झाला होता. उद्या नामकरण. दोन्हीकडचे आजोबा बाळाला आपापलं एक नाव देतात, आणि आईच्या बापाकडून नाव आलं नाही तर सासरचे पोरीला जन्मभर ऐकवतात. मुइबातने घरी न विचारता एका वेल्डरशी लग्न लावलं, तेव्हापासून लासिसीने तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. घरात विषय निघाला की तो चपला घालून बाहेर पडे. दुकानातून मात्र आज त्याला हलता येत नव्हतं. एका लग्नाचे निळे झगे संध्याकाळी द्यायचे होते.

पहिल्यांदा जनरेटर बंद पडला तेव्हा तिने बाळ कसं दूध पितं ते सांगितलं. लासिसी टेपेने काहीबाही मोजत राहिला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “कान तुमच्यासारखे आहेत म्हणे. पोराचं नशीब, दुसरं काय.”

त्याच्या मिशा जरा हलल्या. “तेल बघितलंस का?” त्याने विचारलं.

आता ही तिसरी खेप. सिकिरातचा धीर सुटत चालला होता. ती इंजिनाजवळून उठून मागच्या दारात आली.

“संध्याकाळी पोरीच्या सासरी नाव कळवायचंय. काय सांगू मी? आजोबा कामात आहेत?”

“आजोबा मेले म्हणून सांग.”

तिला रडू आलं. नवऱ्याचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. सकाळपासून कसला पोरखेळ मांडला होता आपण. तिने इंजिनावर हात ठेवून पाहिला, ते निवलं होतं. नरसाळं लावलं आणि टाकी भरली, काठापासून बोटभर खालीपर्यंत. झाकण घट्ट लावलं, बाहेर सांडलेला थेंब पुसला आणि दोरी ओढली. आता संध्याकाळपर्यंत कुणाला बोलायची गरज नव्हती.

मशीन सुरू झालं. ती झग्यांना काजं करत बसली. तिने मान वर केली नाही. मध्येच लासिसी मागच्या बाजूला लघवीला जाऊन आला आणि पुन्हा कामाला लागला.

थोड्याच वेळात जनरेटर आचके देऊन बंद पडला.

इंजिन बसलं असेल तर झगे संपले, गिऱ्हाईकही संपलं. ती धावत मागच्या बाजूला गेली. पट्टी काढून पाहिली. तेल हवं तिथंच होतं. टाकी हलवून पाहिली तर आत पेट्रोल डुचमळत होतं. मग तिची नजर टाकीखाली गेली. पेट्रोलचा कॉक बंद केलेला होता, पार शेवटपर्यंत आवळून. तो काही आपोआप फिरत नाही.

ती तशीच उकिडवी बसून राहिली.

“उघडू नकोस तो,” लासिसी आतून म्हणाला. “मुइबातला फोन लाव.”