कोण कुठी

अंधार माणसाचा खरा स्वभाव बाहेर काढतो, हे वाक्य प्रवीणनं परीक्षणाच्या सुरुवातीलाच टाकलं होतं. गेम तोवर उघडलासुद्धा नव्हता.

पण वाक्य वजनदार होतं, आणि वजनाची गरज होती. पुण्याच्या एका वेबसाइटनं त्याला नमुन्यादाखल एका गेमचं परीक्षण लिहायला सांगितलं होतं. पसंत पडलं तर नोकरी. नाही पडलं तर सोमवारपासून राजुऱ्याला, मामाच्या कोळशाच्या ट्रकवर. मजकूर आणि दोन मिनिटांची क्लिप आज पाचच्या आत हवी होती. क्लिपमध्ये माणसं भराभर मेली पाहिजेत, असं संपादकबाईंनी अगदी प्रेमानं कळवलं होतं.

गेम चौघांचा. पडद्यावर काळंकुट्ट गोदाम. एकमेकांना हुडकायचं आणि गोळी घालायची. दर दहा सेकंदांनी वीज चमकणार, तेवढ्यापुरते सगळे दिसणार. जो चूप राहील तो जगेल. गावातली पोरं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली, त्यामुळे प्रवीणच्या वाट्याला आले ते असे: मावशी अंजनाबाई, शेजारचे हरिदासभाऊ, जे वाघ गावाजवळ आला की गर्दी आवरणाऱ्या पथकात होते, आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी खुशबू. भर दुपारी तीन वाजता दार लावून, खिडकीवर गोधडी टांगून चौघं टीव्हीसमोर बसले. प्रवीणनं एकेकाच्या हातात रिमोट दिला, बटणं समजावली.

"म्हंजे अंधारात एकल्यानं फिराचं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हो मावशी. अन् दिसला त्याले माराचं."

"वळखीचा असला तरी?"

"वळखीचेच आहोत ना सारे."

अंजनाबाईंनी रिमोट अंगापासून जरा लांब धरला.

डाव सुरू झाला. पडदा काळा. तीन सेकंद शांतता. मग अंजनाबाई ओरडल्या, "मी इथी आहो! कोण कुठी?"

"हरिदास इथी! उजवीकडं या, बाई!"

"बाबा, मी भिंतीपाशी!"

"सांगाचं नाई ना!" प्रवीण कळवळला.

"न सांगून कसं जमन?" हरिदासभाऊंनी शांतपणे विचारलं. "मोहफुलं वेचाले जातो तवा आवाज देत राह्यतो का नाई? ज्याचा आवाज बंद झाला, त्याले शोधाले जावं लागते."

वीज चमकली. तीन आकृत्या एकमेकींच्या दिशेनं निघाल्या होत्या. पुन्हा चमकली तेव्हा तिघं पाठीला पाठ लावून, बंदुका बाहेर रोखून उभे होते. चौथा, म्हणजे प्रवीण, एका पिंपामागं जाणकारासारखा दबा धरून बसला होता.

पहिल्या डावात कोणी मेलं नाही. दुसऱ्यातही नाही. साडेचार वाजले. घामेजलेला अंगठा प्रवीण पँटला पुसायचा, मोबाईल बघायचा, पुन्हा अंगठा पुसायचा. "कुठवर आलं?" असा संपादकबाईंचा मेसेज येऊन पडला होता. "सुरू आहे," असं त्यानं कळवलं. ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या डावात तो भिंतीच्या कडेकडेनं मागून आला आणि आवाजाच्या रोखानं गोळी झाडली. विजेच्या उजेडात दिसलं, अंजनाबाई पडल्या होत्या.

"काऊन गा," त्या टीव्हीसमोरून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी तं आवाज देऊन राह्यली होती."

"मावशी, गेम आहे."

"असन. पण आवाजावर नेम धरते का कोणी?"

तोवर हरिदासभाऊ कामाला लागले होते. "खुशबू, हलू नको. फॉरेस्टचा गार्ड येऊन पंचनामा होते तोवर लाश एकटी सोडाची नाई. नाई तं वाघ परत येते न्याले."

"बाबा, तो प्रवीणदादा आहे."

"कोणीबी असो."

वीज चमकली. मृतदेहाच्या दोन बाजूंना बाप-लेक खांबासारखे उभे. आणि कोपऱ्यातल्या प्रवीणकडे एक बॉम्ब शिल्लक होता. सगळे एकाच जागी, हलायला तयार नाहीत. अशी क्लिप पुण्यात कोणी पाहिली नसती. पाचला वीस मिनिटं होती. त्यानं बटणावर बोट ठेवलं.

"प्रवीण," मेलेल्या अंजनाबाई म्हणाल्या, "तू कुठी आहे? आवाज दे बावा. एकला नको राहू."

त्यानं दिला नाही. खोलीत गरम होत होतं. गोधडीच्या कडेनं उन्हाची एक चीर आत आली होती. पुन्हा वीज चमकली. बाप-लेक थोडे थोडे बाजूला सरकले होते. मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी होती.

"मी इथी," प्रवीण म्हणाला.

"मंग ये ना," खुशबू म्हणाली.

तो गेला. वेळ संपली तेव्हा तिघं उभे होते, एक आडवी होती, आणि कोणीच जिंकलं नव्हतं तरी पडद्यावर फटाके फुटत होते.

पाचला पाच कमी असताना मजकुरासोबत क्लिप गेली. तिच्यात एक मरण होतं आणि दीड मिनिटाची शोकसभा.

परीक्षण दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर आलं, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं, खाली क्लिप मात्र प्रवीणचीच. गेमला दहापैकी सात मिळाले. एकटं पडल्यासारखं वाटत नाही, म्हणून तीन कापले होते.