पहिली लाटी

“तुम्ही चित्रं बघायला निघालात की भांडायला?” तनयाने नवऱ्याला विचारलं.

“बघायला,” पुष्कर म्हणाला आणि शर्ट उलटा घातला.

तिने तो काढायला लावून सुलटा करून दिला. रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारा हा माणूस आठवडाभर घरात धड बोलत नव्हता. पेणला सुश्रुतचं प्रदर्शन लागलं होतं. सुश्रुत रॉटरडॅमला राहायचा, तिकडे त्याचं बरंच नाव झालं होतं. आणि वर्तमानपत्रात त्याच्या ज्या चित्राचा फोटो आला होता, त्यात पुष्करची आई होती.

पुष्करची. सुश्रुतची नव्हे.

सुश्रुतची आई तो लहान असतानाच गेली, वडिलांची नोकरी फिरतीची. म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत तो पेणला पुष्करच्या घरी राहिला. मैत्रिणीचं पोर म्हणून पुष्करच्या आईने, पद्मजाबाईंनी, त्याला आनंदाने ठेवून घेतलं. तेव्हापासून पुष्करच्या पोटात दुखायला लागलं. आई जाऊन वर्ष झालं तरी ते थांबलं नव्हतं.

कारण इतकं पोरकट होतं की बायकोलाही सांगायची लाज वाटावी. घरात पापडाचं पीठ कुटलं की आई लाट्या तोडायची, तेलात बुडवायची आणि मुलांच्या हातावर ठेवायची. पहिली लाटी सुश्रुतला. पुष्करला मागून. गरम पोळी आधी सुश्रुतच्या ताटात. चित्रं दोघंही काढायचे, पण आई कागद आधी हातात घ्यायची तो सुश्रुतचा.

गाडीत बसल्यावर निडी गेलं, नागोठणं गेलं. पुष्कर मनातल्या मनात भाषण पाठ करत होता. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ही माझी आई आहे. हिला शेवटचं बघायलाही हे गृहस्थ आले नाहीत. आता टाळ्या कसल्या घेतात?

हॉलमध्ये बरीच गर्दी होती. भिंतींवर परक्या घरांतली जेवणाची टेबलं रंगवलेली होती. कुठे पांढऱ्या केसांची म्हातारी, कुठे पीठ माखलेला बेकरीवाला, प्रत्येक जण काहीतरी वाढण्यासाठी हात पुढे करत होता. पुष्करने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट शेवटच्या भिंतीशी गेला.

आई जमिनीवर बसली होती, समोर पोळपाट. पुष्करने मास्तरांच्या नजरेने चुका शोधायला घेतल्या. मनगट जरा जाड वाटलं. मग आठवलं, आईचं मनगट तसंच होतं. त्याला आणखीच राग आला.

“व्हय, पद्मजाबायच हाय ही!” मागून आवाज आला. पूर्वी त्यांच्याकडे पापड लाटायला येणारी सरू होती. “आन् ह्यो सुश्रुत. बघा कसा ताठ उभा ऱ्हायलाय, हात फुडं करून. आन् तुमी बनियनवर, आयशीच्या पाठीवर लोंबताय.”

“दिसतंय मला.”

“बायचा लय जीव होता त्याच्यावर. पयली लाटी त्याचीच. तुमी आपले तोंड फुगवून बसायचे.”

“सरूताई, पुरे.”

चित्राखाली नाव लिहिलं होतं: ‘आधी’. शेजारचे एक गृहस्थ बायकोला समजावत होते, आधी म्हणजे देश सोडण्याच्या आधीचं, बालपण वगैरे. पुष्करला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि तो त्याच्या जिव्हारी लागला. हा माणूस जगभर सांगत फिरतोय की मला आधी मिळायचं.

“पुष्कर! आलास तू.”

सुश्रुत समोर उभा होता. केस पांढरे झाले होते. पाठ केलेलं भाषण पुष्करला एकदम आठवेना.

“आई गेली तेव्हा आला नाहीस,” तो एवढंच म्हणाला.

“तिकीट काढलं होतं. मग रद्द केलं. कोण म्हणून येऊ, तेच कळेना.”

“कोण म्हणून? लाडका म्हणून यायचंस!” पुष्करचा आवाज चढला. दोन-चार माणसं वळून बघायला लागली. “पहिली लाटी तुला. पहिली पोळी तुला. माझी सख्खी आई, आणि मी आयुष्यभर तुझ्या मागे! मला जळवायलाच काढलंस ना हे चित्र? मिरवतोयस?”

सुश्रुतने चित्राकडे पाहिलं. ताठ उभ्या मुलाकडे नव्हे, पाठीवर लोंबणाऱ्या मुलाकडे.

“मी रोज वाट बघायचो,” तो हळूच म्हणाला. “काकू आज तरी मला विसरतील, म्हणतील, थांब रे जरा, तुला काय घाई आहे. एकदाही म्हणाल्या नाहीत. तिकडे गेलो, तर तिकडेही कुणी म्हणत नाही.”

“काय बोलतोयस तू?”

“आधी पाहुण्याला वाढतात, पुष्कर.”