बारशाआधी

तेलाने भाजलेल्या डाव्या तळहातात सुई टोचताना सदाशिव पेठेतले डॉक्टर श्यामलाबाईंना म्हणाले, "घाबरताय कशाला? हे एक्सोसोम. कुणाच्या तरी नाळेच्या पेशींनी धाडलेले निरोप समजा. यात जिवंत काही नसतं हो."

आठवड्यात जखम भरली. मात्र तिथे उजव्या हाताचं बोट ठेवलं, की डावी मूठ आपोआप मिटायची आणि तान्ह्या बाळासारखं ते बोट धरून ठेवायची.

श्यामलाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी अकराव्या दिवशी गेली होती. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. योजलेलं नाव मनातच राहिलं.

आज सुईला अकरा दिवस झाले. या खेपेस त्या थांबल्या नाहीत. बोट धरलेल्या मुठीशी ओठ नेऊन त्यांनी ते नाव हळूच उच्चारलं.

बोटावरची पकड सैल होत गेली, अगदी तेव्हासारखी.