बापाच्या देखत

गंगाचं पहिल्याच शब्दाला अडलं.

बाप्तिस्म्याच्या आधी स्वर्गातल्या बापाची प्रार्थना सगळ्यांसमोर एकटीनं म्हणायची, असा रत्नागिरीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा नेम होता. गंगाला ती तोंडपाठ होती. मिशनच्या दवाखान्यात फरशी पुसताना ती हीच प्रार्थना पुटपुटत असे. आज मात्र पाळकसाहेब पाण्याचं भांडं घेऊन समोर उभे, मंडळी डोळे मिटून बसलेली, आणि गंगाच्या तोंडात मिठाची गुळणी. कारण दाराशी, वहाणा हातात धरून, तिचा बाप उकिडवा बसला होता.

भागोजी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. गंगाच्या पाठीवर महारोगाचा चट्टा उठला आणि सासरच्यांनी तिला घालवून दिली, तेव्हा याच भागोजीनं भावकीच्या धाकानं दार उघडलं नव्हतं. आतूनच "जा बाय" एवढं म्हणाला होता. पुढे इथल्या औषधानं चट्टा गेला आणि गंगा दवाखान्यातच कामाला राहिली. आज कुठून तरी ऐकून म्हातारा आला होता. भांडायला, परत न्यायला की नुसता बघायला, हे त्याचं त्यालाही धड ठाऊक नसावं.

"म्हण गंगा," पाळक हळूच म्हणाले. "बापाला तर हाक मारायची. घाबरायचं काय त्यात?"

"माजा बापूस थितं बसलाय," गंगा म्हणाली. "त्याच्या देखत दुसऱ्याला बाप कशी म्हनू?"

पाळकांची पंचाईत झाली. धर्मशास्त्राच्या परीक्षेत त्यांना पुष्कळ अवघड प्रश्न आले होते, हा आला नव्हता. त्यांनी समजावलं की स्वर्गातला बाप सगळ्यांचाच बाप आहे, भागोजीचासुद्धा, त्याच्यामुळे कुणाची जागा जात नाही. गंगानं मान डोलावली आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. दवाखान्याच्या मेट्रन यमुनाबाई म्हणाल्या की पोरीला मनातल्या मनात म्हणू द्या. तसं चालत नाही, असं पाळक म्हणाले खरे, पण चालतं की नाही हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

गंगाला स्वतःचंच कळेना. जित्या बापासमोर दुसऱ्याला बाप म्हणणं म्हणजे त्याचं तेरावं घालणं, हे तिच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल. पण ज्यानं दार लावून घेतलं त्याचं तेरावं घालायला तिची हरकत का असावी? स्वर्गातला बाप मायाळू आहे, तो कुणाला दारातून परत धाडत नाही, हे तिला मनापासून पटलं होतं. तो तिला हवा होता. पण त्याला हाक मारली की दारातला म्हातारा उठून जाईल आणि पुन्हा जन्मात दिसणार नाही, या भीतीनं तिला अडवलं होतं.

भागोजी उठला. आता हा पोरीला ओढत नेणार, म्हणून यमुनाबाईंनी गंगाचा दंड धरून तिला मागे घेतलं. भागोजीनं वहाणा खाली ठेवल्या, तो पाळकांपाशी आला आणि म्हणाला, "सायेब, तुमच्या द्येवाम्होरं गाऱ्हाणं घातलं तर चालंल काय?"

पाळक हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. भागोजीनं ते हो धरलं. गावात देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा. जवळ नारळ नाही म्हणून तो जरा घुटमळला, मग भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत त्यानं हात जोडले आणि चढ्या आवाजात सुरुवात केली.

"बा द्येवा म्हाराजा! आज ह्यी माजी गंगा तुज्या पदरात घालतोय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

म्हणाली आणि चपापली. बाकांवरचे बहुतेक सगळे याच मुलखातले, याच दुखण्यानं घराबाहेर पडलेले. लहानपणापासून गाऱ्हाण्याला व्हय म्हणत आलेलं तोंड आमेन म्हणायला विसरून गेलं. पाळकांच्या भुवया चढल्या, पण त्यांचेही ओठ हलले होते, असं यमुनाबाई पुढे सांगत.

"तिला बापावानी संभाळ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भागोजीचा आवाज चिरकला. "तिच्या बापाच्यानं त्ये झालं नाय म्हाराजा. लेक दाराशी आली नि त्यो आत बसून ऱ्हायला. त्यो बाप म्हनवून घ्यायच्या लायकीचा नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंडळी सवयीनं म्हणून गेली.

"नाय," गंगा म्हणाली.

गाऱ्हाण्याला नाय म्हणायची रीत नाही. भागोजी हात जोडलेलेच ठेवून थांबला. पाळक भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. बाकांवरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

गंगानं यमुनाबाईंच्या हातातून दंड सोडवला, पुढे येऊन बापाचा हात धरला. चट्ट्याच्या जुन्या भीतीनं तो हात आधी आखडला, मग तसाच राहिला. तो न सोडता, डोळे न मिटता, तिनं स्वर्गातल्या बापाला मोठ्यानं हाक मारली.