थांबणारी गोळी

परदेशी बनावटीचं पिस्तूल घरात आलं, तेव्हापासून प्रियदर्शनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. अमरसिंह गोळ्या घ्यायला माजलगावहून बीडला निघाला, तशी तीही तान्ह्या लेकीला घेऊन गाडीत बसली.

दुकानदारानं दोन डब्या पुढं सरकवल्या. “ही आरपार जाती, दादासाहेब. आन् ही लागली की आतच थांबती.”

“अहो, थांबणारीच घ्या,” ती घाईनं म्हणाली. “भिंतीपल्याड पाळणा आहे आपला.”

“घ्या! आता गोळीबी बाईसाहेबच निवडणार,” अमरसिंह हसला. पण घेतली तीच.

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला, घरच्या रिवाजाप्रमाणे, हवेत बार काढायला धाकट्या दिरानं, हनुमाननं, पिस्तूल मागून घेतलं. डीजे दणाणत होता. समोर अमरसिंह लेकीला छातीशी धरून नाचत होता. हनुमानचा हात वर जायच्या आधीच बोट दाबलं गेलं आणि गोळी भावाच्या पाठीत शिरली.

 

अमरसिंह जागीच गेला; छातीशी बिलगलेल्या लेकीला साधं खरचटलंही नाही.