येळवशीचा पाहुणा

उत्तरेश्वर चपला काढून कोपीपुढं बसला, तेव्हा शुभांगीच्या हातात आंबिलीचं मडकं होतं. ते त्याच्या डोक्यावर उपडं करावं असं तिला वाटलं.

"वाढा वहिनी," तो तिच्या आईला, रुद्रम्माला म्हणाला. "येळवस हाय. आज कुणी कुणाला न्हाय म्हणत न्हाय."

ते खरं होतं. येळवशीच्या अमावस्येला लोहाऱ्याचं अर्धं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप घालायची, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. एका पंगतीला बसलं की वर्षाचं वैर मिटतं, असं म्हातारी माणसं सांगत. उत्तरेश्वरला हे पक्कं ठाऊक होतं. बोलावणं नसताना तो आला होता ते त्यासाठीच.

त्याचा ऊस तोडीला आला होता. पावसाळ्यात त्याच्या बाजूचा पूल वाहून गेला. नवी डांबरी सडक झाली ती शुभांगीच्या शेताला लागून. आता कारखान्याचा ट्रक उसापर्यंत न्यायचा तर तिच्याच शेतातून न्यावा लागणार होता.

दोन वर्षांपूर्वी सगळं उलट होतं. वाट तेव्हा उत्तरेश्वरच्या शेतातून होती. बांधावरून भांडण झालं आणि त्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. त्याच आठवड्यात शुभांगीचे वडील महांतप्पा खुरपता खुरपता छाती धरून खाली बसले. बोलावलेली जीप काट्यांपाशी अडली. उत्तरेश्वर पलीकडं उभा होता. त्यानं काट्या काढल्या नाहीत. महांतप्पांना बाजेवर घालून बांधाबांधानं फिरवून न्यावं लागलं. दवाखाना यायच्या आत ते गेले. त्यांची समाधी इथंच चिंचेखाली होती. उत्तरेश्वर समाधीकडं पाठ करून बसला होता.

रुद्रम्मानं पत्रावळ मांडली. शेंगा-भाज्यांची भज्जी वाढली, बाजरीचे उंडे ठेवले, खिरीवर तूप सोडलं. घरच्या माणसाला वाढावं तसं ती वाढत होती.

"अव्वा," शुभांगी दबक्या आवाजात म्हणाली.

"आंबील घाल त्यांना."

शुभांगीनं घातली.

"तुमीबी बसा की मॅडम," उत्तरेश्वर म्हणाला. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, पण काट्या टाकल्या त्या दिवसापर्यंत तो तिला नुसतं 'शुभे' म्हणत होता.

"आधी पाहुणा," रुद्रम्मा म्हणाली. त्याला तो मान वाटला. तो खूश झाला.

"आमची सोनाली तुमच्याच वर्गात हाय. परवा घरी सांगत हुती, लॅटिन का कुठल्या भाषेत पाहुणा अन् दुश्मन एकाच मुळातनं निघालेत म्हणं." त्यानं उंडा भज्जीत कुस्करला. "म्या म्हणलं, मॅडमचं बरोबर हाय. दुश्मनाचा पाहुणा व्हायला काय लागतं? एक जेवण."

"शब्द एकाच घरातले आहेत," शुभांगी म्हणाली. आवाज वर्गातलाच होता. "परक्याला घरात घेतो तो होस्ट. परक्याशी वैर धरतो तो होस्टाइल. पण काका, मी तीन शब्द शिकवले होते. तिसरा सोनालीनं सांगितला नाही?"

"न्हाय बा. कुठला?"

"हॉस्पिटल. अडल्या-नडल्या परक्याला जिथं आसरा मिळायचा, ती जागा."

घास त्याच्या बोटांतच राहिला. चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. तो उठायला लागला.

"जेवा," रुद्रम्मा म्हणाली. "येळवशीला भरल्या पानावरनं उठत न्हाईत." आणि तिनं आणखी एक उंडा वाढला.

तो जेवला. मान खाली घालून, शेवटचा कणसुद्धा. पान टाकलं असतं तर येण्याचा उपयोगच राहिला नसता. हात धुतल्यावर त्याला थोडा धीर आला.

"झालं गेलं गंगेला मिळालं, वहिनी. आता तुमच्या पंगतीला जेवलो. आपलं वैर मिटलं. परवा ऊसतोडीची टोळी येती, तेवढी ट्रकला वाट द्या."

रुद्रम्मानं मडक्याच्या तोंडावर फडकं बांधलं. मग ती बाजूला सरली. उत्तरेश्वरला कोपीच्या आतलं दिसलं. पांडवांपाशी पत्रावळींची चवड होती, एकही न मांडलेली. बाहेर मांडलेली होती ती एकच. त्याची.

"पंगत कुठली?" रुद्रम्मा म्हणाली. "तुमी एकलेच जेवलात."

तो शुभांगीकडं बघायला लागला. ती आईकडं बघत होती.

रुद्रम्मानं हात लांब करून बांध दाखवला. "ह्यांना बाजेवर नेलं, तिकडनं जावा. तुमी बांध उतरलात की आमी जेवायला बसू."