तिघांतला खरा

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे शेवटचे चाळीस सेकंद उरले होते. कोच ब्रेकीने कडेवरून हात उंचावून इशारा केला, तर मैदानात संघाला चाली सांगणाऱ्या वेसने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते त्याच्या डोक्यावरून, मागच्या गॅलरीच्या पार वरच्या रांगेकडे. हेल्मेट हललं, म्हणजे समजलं, आणि त्याने संघाला जवळ बोलावलं.

ब्रेकीचे हात हवेतच राहिले.

मैदानाच्या कडेला पुढची चाल सांगणारे हातवारे करायला तिघे जण उभे असतात. समोरच्यांनी इशारे चोरू नयेत म्हणून त्यांतले दोघे तोतये, नुसते वारा हलवणारे, आणि खरा एकच. खरा कोण, हे फक्त आपल्या पोरांना ठाऊक. या मोसमात खरा होता स्वतः कोच ब्रेकी. त्यानेच नियम घालून दिला होता: दोन्ही तळवे मांड्यांवर झटकले, की आधीचं सगळं खोटं, सोडून द्यायचं.

आत्ता त्याने सांगितलेलं अगदी सरळसोट होतं. शेवटचा प्रयत्न, दोनच यार्ड पुढे सरकायचंय, चेंडू पोटाशी धरा आणि मधून घुसा. पोरांनी भलतंच केलं. वेसने चेंडू उजवीकडे टाकला, विरोधी संघ झाडून सगळा तिकडे धावला, आणि तोच चेंडू मैदान ओलांडून परत वेसच्याच हातात आला. डावीकडे चिटपाखरू नव्हतं. शेवटची रेषा त्याने चालत ओलांडली, कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला निघाल्यासारखं.

असली चाल ब्रेकीच्या वहीत नव्हती.

सामना जिंकला. सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं, त्यात पोरं लोळली. सहायक गसने विचारलं, ही चाल कुठे दडवली होती, आम्ही काय परके का? ब्रेकी नुसता हसला. दुसरं काय करणार? गॅलरीत पुढेच केसलर बसला होता, मोठ्या विद्यापीठाचा माणूस, सहा तास गाडी हाकत आलेला, कोच म्हणून फक्त ब्रेकीला पारखायला. ब्रेकीची अठरा वर्षांत सात कॉलेजं झाली होती. बायकोच्या कपबश्यांच्या खोक्यावर सहा गावांची नावं खोडलेली होती, आणि सातवं तिने पेन्सिलीनेच लिहिलं होतं. केसलर हो म्हणाला, तर आठवं ती शाईने लिहिणार होती.

त्याने वेसला गोलखांबापाशी गाठलं आणि हळूच विचारलं, "इशारा कुणाचा घेतलास?"

"खऱ्याचा."

"खरा मी आहे, वेस."

वेस हसला. सरांनी विनोद केला, की वर्ग हसतो तसा. "ते तुम्ही ऑगस्टमध्ये सांगितलेलं, कोच. मग पहिल्याच सामन्यात तुम्ही मांड्या झटकल्यात आणि वरच्या आजोबांकडे बोट केलंत. तेव्हापासून आम्ही त्यांचंच बघतो. नऊ सामने झाले की. आजवर तुमचं-त्यांचं जुळायचं, आजच तेवढं वेगळं निघालं."

"कोण आजोबा?"

"ते, तपकिरी कानटोपीवाले. आम्ही म्हणतो पण आपसांत, काय डोकं आहे आपल्या कोचचं, खरा माणूस नेऊन प्रेक्षकांत बसवला."

ब्रेकीला बोट केल्याचं आठवत नव्हतं. कानटोपी मात्र आठवत होती. ती त्याच्याच खोलीत, दारामागच्या खुंटीवर होती, आधीचे कोच ट्व्हाइट यांची. चौतीस वर्षं ते याच मैदानावर उभे राहिले, कुठे गेले नाहीत, आणि एप्रिलमध्ये वारले. टोपी काढायला कुणाचा हात धजावला नव्हता, ब्रेकीचाही नाही. दर रविवारी, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, तिच्याखालची फरशी ओली असायची. छत गळतंय म्हणून त्याने दोनदा तक्रारही दिली होती.

त्याने वळून पाहिलं. वरच्या रांगेतलं बाकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होतं, मध्ये फक्त एका माणसाच्या बसण्याएवढी जागा कोरडी. पायऱ्यांवरचं बर्फ अख्खं होतं. ना कुणी चढलेलं, ना उतरलेलं.

केसलर हातमोजे काढत जवळ आला. सामन्याबद्दल तो चार शब्द चांगले बोलला, रस्त्यातल्या बर्फाबद्दल दोन वाईट. मग थांबला.

"हात हलवणारे आमच्याकडे खंडीभर आहेत, ब्रेकी. आम्हाला डोकं हवंय. ती शेवटची चाल कुणाची?"

ब्रेकीला खोक्यावरची पेन्सिल दिसली. मानेच्या मागे गार हवा लागत होती, कुणीतरी दार उघडं टाकल्यासारखी, आणि मैदानाला तर दारच नव्हतं.

"माझी," तो म्हणाला.

केसलरने त्याचा हात धरून दणकून हलवला. सोमवारी या, बायकोलाही आणा, म्हणाला. ब्रेकी हो हो म्हणत होता, पण त्याचं लक्ष केसलरच्या खांद्यापलीकडे होतं. तिथे वेस हेल्मेट काखेत घेऊन उभा होता आणि ब्रेकीच्या डोक्यावरून वर, पार वरच्या रांगेकडे बघत होता. नेहमीसारखं मन लावून, काही निसटू नये म्हणून.

वेसने मान डोलावली, समजलं म्हणून.

मग, कोचची तिकडे पाठ आहे, त्यांना वरचा इशारा कसा दिसणार, असं वाटून त्याने हेल्मेट बर्फात ठेवलं, ब्रेकीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि दोन्ही तळवे मांड्यांवर झटकले.